वेल्शसाठी एक दाबा

सकाळी साडेसातला गेरायन्टने दुकानाबाहेरच्या फळ्यावरचा कोकराच्या मांडीचा भाव पुसला आणि त्या जागी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आमची लाउरी जनावरांची डॉक्टर होणार’. तिच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल आठला लागायचा होता. अर्धा तास थांबला असतास तर काय बिघडलं असतं, असं त्या दिवसात त्याला घरातल्या प्रत्येकाने विचारलं, आणि काहीच बिघडलं नसतं हे त्यालाही मान्य होतं. पण पुढचे चार दिवस कडक उन्हाचे सांगितले होते. वेल्समधलं हे अख्खं पेनवर्न गाव अंगणात मांस भाजायला बसणार, आठच्या आधीच रांग लागणार आणि रांगेला ही बातमी समोरच्या बेकरीवालीच्या तोंडून कळणार, हे त्याला नको होतं. प्रॉसर चार पिढ्यांचे खाटीक. जनावर वाचवायला निघालेलं त्यांच्यातलं हे पहिलंच माणूस.

आठ वाजून एक मिनिटाने वरच्या स्वयंपाकघरात लाउरीने लॅपटॉप उघडला. जीवशास्त्र ए, गणित ए, रसायनशास्त्र बी. विद्यापीठाने तीन ए मागितले होते. शाळेकडून गुणांचा तक्ता आला तेव्हा कळलं की रसायनशास्त्रातला ए दोन गुणांनी हुकलाय. विद्यापीठाच्या पानावर अभिनंदनही नव्हतं आणि खेदही नव्हता. तुमच्या अर्जावर अजून विचार चालू आहे, एवढंच होतं.

‘‘म्हणजे मिळालं की गेलं?’’ तिच्या आईने, जनीनने विचारलं. ती वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून नुकतीच आली होती आणि अजून गणवेशातच होती.

‘‘दोन्ही नाही,’’ लाउरी म्हणाली.

तोवर खाली तिसऱ्या गिऱ्हाइकाने गेरायन्टचा हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन केलं होतं. बायकोने जिन्यावरून खूण केली तेव्हा तो ओला फडका घेऊन बाहेर गेला. पण त्याच्या पाठोपाठ मिसेस बेव्हनही बाहेर आल्या आणि आपल्या कुत्र्याचं दुखणं नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला कधी आणू, असं विचारत उभ्या राहिल्या. त्यामुळे फळा अर्धाच पुसला गेला. ‘आमची लाउरी’ राहिली, पुढचं गेलं.

लाउरीने विद्यापीठाला एकदाच फोन लावला. रांगेतलं संगीत दोन मिनिटं ऐकलं आणि फोन आईच्या हातात दिला. ‘‘तूच बोल. मला काही विचारलं तर मला सांगता येणार नाही,’’ असं म्हणून ती खाली गेली. पोरगी घाबरलीय, असं जनीनला वाटलं. घाबरणारच की. तिने फोन खांद्यात धरला आणि चहा टाकला. आपला क्रमांक एकशे चाळिसावा असल्याचं फोन सांगत होता.

जनीन मूळची बर्मिंगहॅमची. बावीस वर्षं पेनवर्नमध्ये काढूनही तिला वेल्श म्हणजे ‘या’, ‘बसा’ आणि पावसाबद्दलची दोन वाक्यं, एवढीच येत होती. जेवणाच्या टेबलावर प्रॉसर मंडळी भरभर बोलायला लागली की ती ताटातले वाटाणे मोजायची. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. मुलीला शिकवायला घेऊन बसली ती तीच, अर्ज कुठेकुठे करायचे, मुलाखतीला जाताना कोणते बूट घालायचे, हे सगळं तिनेच बघितलं होतं. या एका बाबतीत तरी घरात तिचाच शब्द होता.

नऊला डेलिथ आली. गेरायन्टची ही मोठी बहीण कार्डिफच्या शाळेत उपमुख्याध्यापक होती, आणि दर ऑगस्टात असली दोनशे पोरं तिच्या हाताखालून जायची. बरोबर तिने स्वतःचं सँडविच आणलं होतं, चीज आणि लोणच्याचं. अठराव्या वर्षी तिने दुकानात भागी मागितली होती. तिचा बाप एमरिस म्हणाला होता, दारावरची पाटी ‘प्रॉसर आणि मुलगा’ अशी आहे, वाचता येतं ना? त्या दिवसापासून खाटकाची ही लेक मांस खात नव्हती. आधी ते रागामुळे होतं आणि पुढे ती सवयच पडली.

‘‘दुसरी पसंती कोणती दिलीय?’’ तिने कोट काढायच्या आधीच विचारलं.

जनीनने नाव सांगितलं.

‘‘तिथेही तीन ए?’’

‘‘तिथेही.’’

‘‘अगं, दुसरी पसंती कमी गुणांची ठेवायची असते. छत्री म्हणून. तुम्ही दोन्ही हातांत तीच फाटकी छत्री घेऊन निघालात.’’

जनीनला राग आला, पण हातात फोन असल्यामुळे भांडायची सोय नव्हती. डेलिथ मात्र कामालाच लागली. रिकाम्या जागांची यादी काढली, लाउरीला वर बोलावून घेतलं आणि तिच्या हातात स्वतःचा फोन दिला. चार मिनिटांत लिव्हरपूलला प्राणिशास्त्राची जागा मिळाली. बारा वाजेपर्यंत राखून ठेवतो, असं ते म्हणाले. फक्त ती घ्यायची तर आधी आपल्या पानावर जाऊन पहिलं विद्यापीठ सोडल्याचं बटण दाबायला हवं होतं. एकदा दाबलं की दाबलं, ते परत फिरत नाही.

‘‘इथे नीट बोललीस की,’’ डेलिथ म्हणाली. ‘‘मग तिथे का बोलत नाहीस?’’

‘‘इथे कुणी काही विचारलं नाही, आत्या.’’

आणि ती पुन्हा खाली गेली.

साडेदहाला जनीनचा नंबर लागला. तिने घाईघाईने सगळं सांगितलं, नाव, अर्जाचा क्रमांक, दोन गुण. पलीकडचा मुलगा नम्र होता. विद्यार्थिनी स्वतः आहे का तिथे, असं त्याने विचारलं. नाही, मी आई. मग क्षमा करा, पण तिच्याबद्दल आम्ही तिच्याशीच बोलू शकतो, किंवा तिने अर्जात तिच्या वतीने बोलायला जे एक नाव दिलंय त्यांच्याशी.

‘‘ते माझंच असेल,’’ जनीन म्हणाली.

‘‘नाही, मॅडम. इथे एमरिस प्रॉसर असं आहे.’’

जनीनने डेलिथकडे बघितलं, मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे. एमरिस पाव दुधात बुडवून डाव्या हाताने खात होता. उजवा हात मांडीवर पडून होता. जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्याला आता दोन महिने होऊन गेले होते. इंग्रजी जवळजवळ गेलं होतं. वेल्शचे तीसेक शब्द परत आले होते, आणि तेही जागेवर बसत नव्हते. सगळ्यात मोठी पंचाईत ‘हो’ आणि ‘ना’ची. हो म्हणायचं असलं की तोंडातून ‘ना’ यायचं आणि ना म्हणायचं असलं की ‘हो’. चहा हवा का विचारलं की म्हणायचा ‘ना’, आणि कप नेला की रागावायचा. घरात आता सगळे शब्द सोडून त्याचे डोळे बघायला शिकले होते. शेजारी अजून शिकले नव्हते.

अर्ज भरला गेल्या ऑक्टोबरात. तेव्हा हाच माणूस बाजाराच्या दिवशी अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा.

जनीनने लाउरीला हाका मारल्या, जिना उतरली, मागच्या अंगणापर्यंत गेली, पण लाउरीने ओ दिली नाही. परत आली तेव्हा फोन बंद झाला होता. तिने पुन्हा लावला. आता क्रमांक एकशे साठ होता. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. ‘‘एकच नाव लिहायचं होतं गं. एकच. आणि ते माझं नाही.’’

डेलिथला तिची दया आली, जी तिला या घरात सहसा कुणाची येत नसे. आणि मनात, अगदी तळाशी, तिला थोडा मत्सरही वाटला. ज्या माणसाने आपल्याला पाटी वाचून दाखवली, त्याच्याच हाती या पोरीने आपली जीभ सोपवली होती.

गेरायन्ट एप्रनला हात पुसत वर आला. त्याचं म्हणणं सकाळपासून एकच होतं. वर्षभर थांबावं, रसायनशास्त्राची परीक्षा पुन्हा द्यावी, तोवर दुकानात मदत करावी. आता तो तेच पुन्हा म्हणाला.

‘‘मदत,’’ डेलिथ म्हणाली. ‘‘तुला पाटी बदलायची असेल. ‘प्रॉसर आणि मुलगी’. माझ्या वेळी रंग संपला होता वाटतं?’’

‘‘तुझं तुणतुणं आता नको. तिच्या भल्याचं बोलतोय.’’

‘‘तिच्या भल्याचं असेल तर विद्यापीठाशी बोलायला लाव की तिला. दोन गुणांचा प्रश्न आहे. माझ्या शाळेतल्या पोरांना मी हेच सांगते, काही कारण असेल तर सांगा, ते ऐकतात.’’

‘‘काही कारण नाहीये,’’ गेरायन्ट म्हणाला. ‘‘पेपर वाईट गेला. जातो कधी कधी. उगाच लोकांसमोर हात पसरायचे नाहीत.’’

तो हे जरा जास्तच लवकर म्हणाला. डेलिथच्या ते लक्षात आलं, पण तिने त्याला प्रॉसरांचा ताठा समजून सोडून दिलं. जनीनला मात्र काहीतरी टोचलं. सकाळी ती स्वतः थांबण्याच्या बाजूने झुकली होती. घर सोडून पोरगी लिव्हरपूलला जाणार हे तिला सहन होत नव्हतं. पण नवरा इतका आग्रह धरतोय म्हटल्यावर तिने बाजू बदलली.

‘‘डेलिथचं बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘हातातली जागा घेऊ या. बाराला पाच कमी असताना बटण दाबू. माझ्या मुलीची परत तीच परीक्षा, तोच वर्ग, तेच वर्ष, नको मला.’’

गेरायन्ट दोघींकडे बघत राहिला. या दोघी बावीस वर्षांत कशावर एक झाल्या नव्हत्या, नाताळच्या पुडिंगवरसुद्धा. खाली दुकानाची घंटी वाजली म्हणून तो उतरला. कुणी ओळखीचं नसावं, एवढंच त्याला वाटत होतं.

कारण होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. त्याच्याइतकं ते फक्त लाउरीला ठाऊक होतं.

जूनमधल्या त्या सकाळी जनीन रात्रपाळीवर होती. साडेसहाला लाउरी खाली आली ती रसायनशास्त्राच्या दुसऱ्या पेपरच्या आधी आजोबांबरोबर चहा घ्यायला, नेहमीसारखी. आजोबा कुठेच दिसेनात. तिला ते मांस ठेवायच्या कोल्ड रूममध्ये सापडले, लटकवलेल्या धडांच्या खाली, दाराला टेकून. त्या दाराची आतली कडी वर्षभर अडकत होती. वसंतात आलेला सरकारी तपासनीस तसं लिहून देऊन गेला होता, महिन्यात दुरुस्त करा. गेरायन्ट आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला. झटका आला तेव्हा म्हाताऱ्याला दार उघडता आलं नव्हतं. त्याने दारावर मारलेल्या मुठीच्या खुणा त्यावर जमलेल्या दवात दिसत होत्या.

गेरायन्टने आधी रुग्णवाहिका बोलावली, हे खरं. मग त्याने बापाला उचलून अंगणात नेऊन ठेवलं. लाउरीचे दोन्ही खांदे धरून तो म्हणाला, ते अंगणात पडले, मला सापडले, तू झोपेत होतीस, तुला काही माहीत नाही. कोल्ड रूमचं कळलं तर दुकानाला टाळं लागेल. कुणाला सांगू नकोस, आईलाही नाही. जा, पेपर आहे तुझा. लाउरी गेली. नऊच्या पेपरला बसली. घरात आणि गावात सगळ्यांना तेच माहीत होतं, की पोरगी झोपेतून उठून सरळ शाळेत गेली आणि आजोबांचं तिला दुपारी कळलं.

पोरीने शब्द पाळला होता. आज त्याला वाटत होतं, तिने तो मोडला असता तर बरं झालं असतं.

मागच्या खोलीत लाउरी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून सॉसेजच्या माळा वळत होती. डोकं चालेनासं झालं की ती हेच करायची. तीन वळवायचे, गाठ मारायची, पुढचे तीन. लिव्हरपूलला जावं असं वाटायचं आणि दुसऱ्या गाठीला वाटायचं की नको. वर्षभर थांबावं, मग वाटायचं की या भिंतींत आणखी वर्षभर आपण वेडे होऊ. आपल्याला डॉक्टर व्हायचंय की नुसतं इथून निघायचंय, हेही आता तिला नीट सांगता आलं नसतं.

जिन्यावर काठी वाजली. एमरिस एकेक पायरी करत खाली येत होता, दोन महिन्यांत पहिल्यांदाच एकटा. भिंतीवरच्या जुन्या फोनखाली त्याचं स्टूल होतं, तिथे तो बसला. दम खाऊन त्याने फोनकडे बोट दाखवलं.

‘‘कुणाला लावू, आजोबा?’’

‘‘तुझं,’’ तो म्हणाला. ‘‘तुझं... शाळा. मोठी.’’

‘‘तिथे दीडशे माणसं रांगेत आहेत. आई सकाळपासून ऐकतेय.’’

‘‘हो,’’ एमरिस म्हणाला, म्हणजे नाही. ‘‘लाव.’’

तिने लावला, त्याचं मन मोडवेना म्हणून. एमरिसला ऐकू कमी येतं म्हणून त्या फोनचा आवाज कायम वाढवलेला असायचा. पलीकडचं बोलणं काउंटरपर्यंत ऐकू जायचं. आधी वेल्शमधून स्वागत झालं. वेल्शसाठी एक दाबा. मग इंग्रजीतून, इंग्लिशसाठी दोन. जनीन दर वेळी दोन दाबत होती. दुसरं काही दाबता येतं हेच सकाळपासून वरच्या मजल्यावर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, डेलिथच्याही नाही.

एमरिसने डाव्या हाताच्या अंगठ्याने एक दाबलं.

दोनदा घंटी वाजली. ‘‘नमस्कार, मी ग्वेनो बोलतेय,’’ एका मुलीचा आवाज आला. ‘‘सांगा, काय करू तुमच्यासाठी?’’

काउंटरवर गेरायन्टच्या हातातली सुरी थांबली.

‘‘प्रॉसर,’’ एमरिस म्हणाला. मग श्वास घेतला. ‘‘एमरिस. नात. लाउरी.’’

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. ‘‘हो, तुमचं नाव आहे माझ्यासमोर. तिच्या वतीने तुम्ही बोलू शकता. सावकाश बोला आजोबा, आज सकाळपासून माझ्याकडे वेल्शमधून आलेला हा फक्त सहावा फोन आहे. मला काही घाई नाही.’’ तिने लाउरीची जन्मतारीख विचारली आणि ती त्याने एका दमात सांगितली. ती जन्मली त्या शनिवारी त्याने आयुष्यात एकदाच दुकान बंद ठेवलं होतं. ‘‘छान. आता मला आधी एवढंच नोंदवायचंय. लाउरीला अजून आमच्याकडेच यायचंय ना?’’

गेरायन्ट गिऱ्हाइकाला तसंच सोडून मागे धावला. जिन्यावरून जनीन आणि डेलिथही उतरत होत्या, फोनचा आवाज ऐकून. सगळ्यांना एकच भीती वाटली. लाउरी उभी राहिली.

एमरिसचं तोंड उघडलं होतं. शब्द वर येत होता, आणि तो कोणता शब्द आहे हे त्यालाही कळत होतं. त्याने तोंड मिटलं. घट्ट, लहान मूल औषध नको म्हणताना मिटतं तसं. आणि फोन लाउरीच्या हातात दिला.

सकाळपासून घरातल्या प्रत्येकाने तिच्या वतीने बोलून घेतलं होतं. ज्याला तसा लेखी हक्क होता तो एकटाच गप्प बसला.

‘‘मी लाउरी,’’ ती म्हणाली. ‘‘हो. मला यायचंय.’’ म्हणाली, आणि ते खरं असल्याचं तिलाच तेव्हा कळलं.

‘‘बरं झालं आलीस,’’ ग्वेनो म्हणाली. ‘‘तुझं नाव तीनच्या बैठकीत आहे. थोड्याच जागा उरल्यात, खोटी आशा दाखवत नाही. पण एक गोष्ट त्यांना समजत नाहीये. तुझे सगळे पेपर वर आहेत आणि रसायनशास्त्राचा दुसरा पेपर एकदम खाली घसरलाय. त्या दिवशी काही झालं होतं का?’’

लाउरीने बापाकडे बघितलं.

गेरायन्टच्या मागे काउंटरवर मिसेस बेव्हन खिमा घ्यायला थांबल्या होत्या आणि त्यांचे कान शाबूत होते. समोर बायको होती. बहीण होती. स्टुलावर बाप होता. त्याच्यामागे कोल्ड रूमचं दार होतं, जूनमध्येच घाईघाईने बसवलेल्या नव्या कडीचं.

‘‘सांग,’’ तो म्हणाला.

तिला खात्री वाटली नाही.

‘‘सांग, लाउरी. सगळं सांग. दाराचंही.’’

ती सांगू लागली, वेल्शमधून, खालच्या आवाजात. जनीनला शब्द कळत नव्हते. डेलिथ तिच्या कानात इंग्रजीतून सांगत होती, साडेसहाला, ती खाली आली, आजोबा नव्हते, मग कोल्ड रूममध्ये, आणि तिथे डेलिथ थांबली. पुढचं तिच्याने सांगवेना. जनीनने तिचा दंड धरला. ‘‘पुढे काय? डेलिथ, पुढे काय म्हणतेय ती?’’

‘‘आतून दार उघडत नव्हतं,’’ डेलिथ म्हणाली.

जनीनने नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. वृद्धाश्रमात ती रोज रात्री परक्या म्हाताऱ्यांची दारं तपासून बघत असे.

‘‘किती वेळ होते ते आत?’’ डेलिथने विचारलं.

‘‘पाऊण तास. जास्तही असेल.’’

‘‘आणि तू पोरीला पेपरला पाठवलंस. तोंड बंद ठेवून.’’

‘‘हो,’’ गेरायन्ट म्हणाला.

तेव्हा एमरिसने काठी जमिनीवर आपटली. त्याने डावा हात छातीवर ठेवला. ‘‘कडी,’’ तो म्हणाला. ‘‘मी. उद्या. मी पण... उद्या, उद्या.’’ मालक तोही होता, तपासनिसाचा कागद त्यानेही वाचला होता, हे त्याला सांगायचं असावं. डेलिथला ते कळलं. तिला बापाला आयुष्यभर बरंच काही सुनवायचं होतं, त्यातलं अर्धं त्या क्षणी निघून गेलं. अर्धं राहिलं.

फोनवर ग्वेनो म्हणाली की शाळेकडून दोन ओळी हव्यात, मुख्याध्यापकांच्या सहीने, तीनच्या आत. आणि तोवर आपल्या पानावरचं काहीही दाबू नकोस.

बाराला दहा कमी होते. डेलिथने लॅपटॉप खाली आणून कापायच्या ठोकळ्यावर ठेवला. जबरदस्ती करणार नाही, ती म्हणाली, पण समजून घे. बाराला लिव्हरपूल जाईल. तीनला हेही गेलं तर हातात काहीच नाही, मग वर्षभर हेच दुकान. आणि खरंच तसं होऊ शकतं. लाउरीने विचार केला की नाही कोण जाणे. ती सॉसेजची शेवटची गाठ मारत होती.

‘‘मी थांबते,’’ ती म्हणाली.

चॅपलच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा ती आणि आत्या शाळेच्या वाटेवर होत्या. गेरायन्टने दुकानाचा दरवाजा लावून ‘बंद’चा पुठ्ठा फिरवला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकीच्या दिवशी, आणि तपासनिसाच्या ऑफिसला स्वतः फोन केला. त्याला इंग्रजीच्या रांगेत वीस मिनिटं काढावी लागली. जनीन त्याच्याशी बोलली नाही. तिने आंघोळ केली, कपडे बदलले आणि सासऱ्याच्या खांद्यावर शाल घातली, कारण तो स्टुलावरून उठायला तयार नव्हता. तिथेच त्याने सूप घेतलं. मधे एकदा फोन वाजला आणि जनीनने हात पुढे केला, तर त्याने काठी आडवी धरली. तो फोन मिसेस बेव्हनचा होता, खिम्याबद्दल.

नंतर जनीन त्याच्यासमोर खोक्यावर बसली. तिला एकदा विचारायचं होतं, तुमचंच नाव का, म्हणून. पण याचं उत्तर त्याच्याकडे कुठून असणार. त्याने तिचा हात थोपटला आणि म्हणाला, ‘‘बस.’’ तेवढं वेल्श तिला येत होतं.

चारला दहा कमी असताना फोन पुन्हा वाजला. एमरिसने उचलला. पलीकडे ग्वेनो होती, पण या वेळी तिचा आवाज हळू होता, आणि भरभर. गेरायन्ट जवळ येईपर्यंत तिचं सांगून झालं होतं. एमरिसने फोन जागेवर ठेवला, दोन प्रयत्नांत.

‘‘काय म्हणाली?’’ गेरायन्टने विचारलं. ‘‘बाबा? मिळालं का?’’

‘‘ना,’’ एमरिस म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दोघंही त्याच्या डोळ्यांत बघायला वाकली आणि दोघांनाही काही समजेना. झटक्यानंतर त्याला रडू कशानेही यायचं, रेडिओवरच्या प्रार्थनेनेसुद्धा. ना म्हणजे हो, हे घराला पाठ होतं. पण गेल्या आठवड्यात एकदोनदा त्याचा ना खरोखर ना निघाला होता. सुधारतायत, असं डॉक्टर म्हणाले होते. जनीनने आयुष्यात पहिल्यांदाच माणूस सुधारू नये अशी इच्छा केली.

‘‘पुन्हा फोन लाव,’’ ती नवऱ्याला म्हणाली. दुपारपासून ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ‘‘एक दाब.’’

तेवढ्यात मागचं दार उघडलं. मुख्याध्यापकांचं पत्र तीनच्या आत पाठवून लाउरी आणि डेलिथ आत आल्या, उन्हाने लाल झालेल्या. बंद दुकान, रडणारा म्हातारा आणि फोन हातात घेऊन उभा असलेला बाप, असं सगळं लाउरीने एका नजरेत बघितलं. ती आजोबांपुढे जमिनीवर बसली.

‘‘आला फोन?’’

‘‘ना.’’

‘‘मिळाली मला जागा?’’

‘‘ना,’’ एमरिस म्हणाला.

लाउरीने त्याचा निकामी हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ‘‘आजोबा, नीट बघा माझ्याकडे. हा ‘ना’ आमचा आहे की तुमचा?’’

म्हाताऱ्याने बराच वेळ शब्द शोधला. सगळे त्याच्या ओठांकडे बघत होते.

‘‘माझा,’’ तो म्हणाला.